ओढणारे वाहन, वाहणारा गाडा आणि थांबविण्याचे शास्त्र

वाहन म्हणजे वाहून नेणारे साधन. भार आपल्या अंगावर घेणे हे त्याचे पहिले काम आणि त्या भाराला गती देणे हे दुसरे. या दोन कामांकडे सर्वांचे लक्ष असते. नवा ट्रॅक्टर घेताना शेतकरी त्याची अश्वशक्ती किती, हे विचारतो. ट्रॉली बांधून घेताना तीत किती टन माल मावेल, हे विचारतो. परंतु वाहनाला तिसरेही एक काम असते आणि ते पहिल्या दोहोंइतकेच महत्त्वाचे आहे. ते म्हणजे दिलेली गती हवी तेव्हा आणि हवी तेथे काढून घेणे, अर्थात थांबणे.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांत गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. इतर भागांतही धान्य, वाळू, विटा, चारा यांची वाहतूक याच साधनाने होते. ग्रामीण अर्थव्यवस्थेला या साधनाचा मोठा आधार आहे. तथापि उतारावर ताबा सुटणे, ट्रॉलीने ट्रॅक्टरला ढकलणे, पिन निसटून ट्रॉली मागे धावणे हे अपघातही याच साधनाचे आहेत. अशा अपघातांना दैव म्हणून सोडून देण्याची आपली सवय आहे. वस्तुतः त्यांच्यामागे साधे शास्त्र असून ते सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच परिचय करून देण्याचा हेतू आहे.

बैलगाडीतील व्यवस्था

आपली बैलगाडी हे वाहनशास्त्राचे उत्तम पाठ्यपुस्तक आहे. साटी, कणा, तुंबा, आरे आणि चाकावरची लोखंडी धाव हा झाला भार वाहणारा भाग. जुवाखालचे बैल हा झाला गती देणारा भाग. येथे वाहणारा वेगळा आणि ओढणारा वेगळा. उतार लागला की हेच बैल पाय रोवतात, जू मागे रेटतात आणि गाडी आवरून धरतात. म्हणजे ओढणारा तोच थांबविणारा. मोठ्या उतारावर मात्र बैलांचे बळ अपुरे पडते. अशा वेळी गाडीवान चाकाला लाकूड लावतो किंवा गाडीच्या मागे ओंडका बांधतो. भार जड झाला की थांबविण्याचे साधन खुद्द गाड्यालाही हवे, हा नियम आपल्या गाडीवानांना अनुभवाने ठाऊक होता.

पुढे लोखंडी धावेच्या जागी रबरी टायर आले, कण्यात बेअरिंग बसली आणि टायरगाडी प्रचारात आली. सपाटीवर बैलांचे कष्ट पुष्कळ कमी झाले. परंतु जी गाडी सहज पुढे जाते, ती उतारावर सहज अंगावरही येते. जुन्या गाडीचे जड चाक स्वतःच थोडा अडसर करीत असे. नव्या गाडीत तो अडसर उरला नाही. गाडी जितकी हलकी चालेल, तितकी तिला ब्रेकची गरज अधिक, हा टायरगाडीने शिकविलेला धडा होय.

स्वयंचलित गाडीचा जन्म

जनावराविना चालणारी गाडी करण्याचा ध्यास माणसाने फार पूर्वीपासून घेतला होता. निकोला-जोसेफ क्यून्यो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७६९ ते १७७१ या काळात तोफा वाहून नेण्यासाठी वाफेवर चालणारी तीनचाकी गाडी बनविली. तिचा बाष्पक पुढच्या एकाच चाकापुढे टांगलेला होता. तिची चाल माणसाच्या पायी चालण्याइतकीच होती आणि पुन्हा वाफ धरण्यासाठी तिला वारंवार थांबावे लागे. ती गाडी आजही पॅरिसच्या वस्तुसंग्रहालयात जतन करून ठेवलेली आहे. आपली गती आपणच निर्माण करणारे रस्त्यावरचे पूर्ण आकाराचे पहिले वाहन म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

आपल्याकडे हा बदल वडोदरा संस्थानात फार स्पष्ट दिसला. खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत १८६२ मध्ये डभोई ते मियागाम या मार्गावर अरुंद रूळ टाकण्यात आले आणि त्यांवरून धावणारे डबे आरंभी बैल ओढत असत. पुढे रूळ मजबूत करण्यात आल्यावर तेथे वाफेची एंजिने धावू लागली. वाहणारा डबा होता तसाच राहिला. फक्त बैलांच्या जागी एंजिन आले. त्यानंतर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. तिच्यात वेगळे एंजिन नव्हते. प्रवासी बसतात त्याच गाडीच्या काही डब्यांखाली मोटारी बसविलेल्या होत्या. येथे वाहणारा आणि चालविणारा एकरूप झाले.

याप्रमाणे स्वयंचलित वाहतुकीचे दोन प्रकार पडतात. मोटार, बस, मालट्रक यांत भार आणि यंत्र एकाच सांगाड्यावर असतात. आगगाडी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली यांत यंत्र पुढे आणि भार मागे, वेगळ्या गाड्यात असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या दुसऱ्या कलमातही हा भेद आढळतो. ट्रॅक्टर म्हणजे स्वतःवर भार वाहण्यासाठी न बांधलेले मोटार वाहन आणि ट्रेलर म्हणजे मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन, अशा आशयाच्या व्याख्या तेथे दिलेल्या आहेत. शिवाय मोटार वाहन या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश केलेला आहे. ट्रॉलीला एंजिन नसले तरी कायद्याच्या दृष्टीने ती निव्वळ लोखंडी पेटी ठरत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वजन, वेग आणि अंतर

आता थांबण्याचे गणित पाहू. चालत्या वस्तूच्या अंगी जी ऊर्जा असते तिला गतिज ऊर्जा म्हणतात. ती वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. ब्रेक लावणे म्हणजे ही ऊर्जा घर्षणाने उष्णतेत घालविणे. उतारावरून आल्यावर ब्रेकचे ड्रम तापलेले असतात, ते याच कारणाने.

समजा, एका ट्रॅक्टरचे वजन २ टन आहे. तो कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने चालला आहे. चांगल्या स्थितीतील ब्रेक लावल्यावर तो सुमारे ४ मीटरांत थांबेल. आता त्याच ट्रॅक्टरला प्रत्येकी ६ टन वजनाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडल्या आणि ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत, असे धरू. एकूण वजन १४ टन झाले, म्हणजे सातपट. थांबविणारी चाके मात्र पूर्वीचीच, ट्रॅक्टरची मागची दोन. ती रस्ता जितका धरून ठेवू शकतात, तितकाच अडसर निर्माण होणार. ट्रॉल्या जोडल्याने त्यात वाढ होत नाही. म्हणून थांबण्याचे अंतरही सातपट होईल, म्हणजे सुमारे २८ मीटर. वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर हेच अंतर ६० मीटरांच्या वर जाईल. चिखलाने रस्त्याची पकड निम्मी झाली तर अंतर पुन्हा दुप्पट होईल. याशिवाय चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तरी ताशी २० किलोमीटर वेगाने वाहन साडेपाच मीटर पुढे गेलेले असते.

हे झाले सपाट रस्त्याचे. उतारावर पृथ्वीचे आकर्षण वाहनाला सतत पुढे खेचीत असते. दर १२ मीटरांना १ मीटर खाली जाणारा उतार घेतला, तर वरील उदाहरणातील १४ टनांना खाली खेचणारा जोर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या पकडीपेक्षा अधिक भरतो. चाके फिरताना होणारा नैसर्गिक अडसर जमेस धरला तरी हिशेब बदलत नाही. याचा अर्थ असा की, चालकाने ब्रेक पूर्ण दाबला, ब्रेक उत्तम असला आणि चालक कितीही निष्णात असला, तरी अशा उतारावर ते वाहन थांबणार नाही. उलट त्याचा वेग वाढत जाईल. चाके जाम होऊन घसरतील, मागची ट्रॉली पुढे रेटू लागेल आणि ट्रॅक्टर आडवा होऊन उलटेल. अशा अपघातानंतर सर्व दोष चालकाच्या माथी मारला जातो. परंतु तो उतार सुरू होण्यापूर्वीच, ट्रॉली जोडली त्या वेळीच, अपघाताची तयारी झालेली असते.

आता याच ट्रॉल्यांच्या चाकांना ब्रेक बसविले, असे समजा. प्रत्येक चाक आपापल्या अंगावरचे वजन आपणच आवरून धरील. मग १४ टनांची ही गाडीही जवळजवळ एकट्या ट्रॅक्टरइतक्याच अंतरात थांबू शकेल. यावरून निघणारा सिद्धान्त असा: धोका केवळ वजनात नसतो, ज्या वजनाला स्वतःचा ब्रेक नाही, त्या वजनात तो असतो.

रेल्वेला मिळालेला धडा

हा सिद्धान्त रेल्वेला फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा या गावाहून सहलीला निघालेली एक आगगाडी चढावर अडली. गाडीत मुलांचा भरणा मोठा होता. एंजिनाला पंधरा डबे ओढवेनात, म्हणून गाडीचे दोन भाग करून पुढचे पाच डबे आधी वर न्यावेत, असे ठरले. गाडीला निर्वात ब्रेक होता. परंतु तो एंजिनाशी जोडलेला असेपर्यंतच काम करीत असे. जोड सोडताच मागच्या दहा डब्यांचा ब्रेक निकामी झाला. त्यांना आधार उरला तो गार्डाच्या डब्यातील हातब्रेकचा आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांचा. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, त्याचा धक्का मागच्या डब्यांना बसला, दगड चिरडले गेले आणि दहा डबे उतारावरून मागे धावत सुटले. त्याच मार्गाने मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर ते आदळले. या अपघातात ८० माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांवर चालणारा आणि जोड तुटल्यास आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

असा ब्रेक त्यापूर्वीच अस्तित्वात आलेला होता. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि काही वर्षांतच त्यात मोठी सुधारणा केली. सुधारलेल्या ब्रेकमागची कल्पना मोठी मार्मिक आहे. संपूर्ण गाडीतून एक नळी जाते. तिच्यात दाब असेल तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब गेला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतील हवा त्या त्या डब्याचा ब्रेक लावते. डबा तुटला, नळी फाटली, तर दाब जातो आणि गाडी आपोआप थांबते. बिघाड झाला की वाहन धावत न सुटता थांबावे, अशी ही रचना आहे. भारतीय रेल्वेत पुष्कळ वर्षे निर्वात ब्रेक प्रचारात होता. त्यातही निर्वात मोडला की ब्रेक लागत असे. पुढे त्याची जागा हवेच्या ब्रेकने घेतली.

गोव्यातील कुळे ते कॅसलरॉक हा घाटमार्ग १८८० च्या दशकात बांधला गेला. या घाटात दर ३७ मीटरांना १ मीटर इतका चढ आहे. मुंबई-पुणे मार्गावरील भोर घाटाचा चढही एवढाच आहे. रस्त्याच्या मानाने हा चढ सौम्य वाटेल; परंतु लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरील पकड कमी असल्यामुळे रेल्वेला तो फार तीव्र ठरतो. म्हणून अशा घाटांत मालगाडीला जादा एंजिने जोडतात, उतरण्यापूर्वी ब्रेकची तपासणी करतात आणि वेगावर कडक मर्यादा ठेवतात. ताबा सुटलेली गाडी वळवून घेण्यासाठी बाजूला चढत जाणारे रूळही टाकलेले असतात. प्रशिक्षित चालक, प्रत्येक डब्याला ब्रेक आणि बांधीव मार्ग असूनही रेल्वे एवढी सावधगिरी बाळगते. मग निपाणीजवळचा तवंदी घाट उतरणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने किती बाळगावी, याचा विचार प्रत्येकाने करावा.

काय करता येईल?

शेतकरी बंधूंनी व ट्रॅक्टरचालकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. ट्रॉली बांधून घेताना तिच्या चाकांना ब्रेक बसवून घ्यावेत. हा खर्च हौदा उंच करण्याच्या खर्चाआधीचा मानावा.

२. नोंदणी-पुस्तकात दर्शविलेल्या वजनापेक्षा अधिक माल भरू नये. मोटार वाहन अधिनियमाच्या ११३ व्या कलमान्वये तसे करण्यास मनाई आहे.

३. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी ब्रेकचे वेगळे पेडल असते. शेतात वळताना त्याचा उपयोग होतो. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडलीच पाहिजेत. अन्यथा एकच चाक अडून ट्रॅक्टर गर्रकन वळतो.

४. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि तो तळ गाठेपर्यंत काढू नये. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी सोडून देणे म्हणजे एंजिनाचा मिळणारा अडसर आपल्या हाताने घालविणे होय.

५. ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. जोड उंचावर घेतल्यास चढावर पुढची चाके उचलली जातात, स्टिअरिंग निकामी होते आणि ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका असतो. जोडाच्या पिनेला अडकण घालावी व जोडीला मजबूत साखळी बांधावी.

६. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक व दिवा असावा आणि उसाच्या मोळ्यांनी किंवा लोंबणाऱ्या वाढ्यांनी तो झाकला जाऊ नये. ट्रॉली रस्त्यात बिघडल्यास चाकाखाली लावलेले दगड निघताना न विसरता बाजूला काढावेत. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा त्या दगडांनी जीव जाऊ शकतो.

७. वऱ्हाड, यात्रा किंवा मजूर यांची वाहतूक ट्रॉलीतून करू नये. मालासाठी केलेल्या गाड्यात माणसाला धरायलाही आधार नसतो.

ग्रामपंचायती, कारखान्यांचे शेती विभाग आणि परिवहन अधिकारी यांनीही हंगामापूर्वी एकत्र येऊन ट्रॉल्यांची तपासणी केल्यास पुष्कळ अनर्थ टळेल. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक खेपेचे वजन होतच असते. तेथेच पिन, परावर्तक आणि ब्रेक यांवर नजर टाकण्यास फार वेळ लागणार नाही.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

हा सिद्धान्त वर्गात दाखविण्यास खर्च लागत नाही. खेळण्यातील दोन छोट्या गाड्या घ्याव्यात. पुढच्या गाडीची चारही चाके दोऱ्याने घट्ट बांधून फिरेनाशी करावीत. हा आपला ब्रेक लावलेला ट्रॅक्टर. तिला एका फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचलावे आणि गाडी घसरू लागताच उंची मोजून घ्यावी. नंतर तीत खडे भरून पुन्हा मोजावे. वजन वाढले तरी उंची जवळजवळ तेवढीच राहते, हे पाहून विद्यार्थ्यांना नवल वाटेल. आता खडे काढून, मोकळ्या चाकांची आणि खड्यांनी भरलेली दुसरी गाडी पहिलीच्या मागे, म्हणजे फळीच्या चढाच्या बाजूस जोडावी. या वेळी फळी थोडीशी उचलताच मागची गाडी पुढचीला ढकलीत खाली येईल. शेवटी दुसऱ्या गाडीचीही चाके बांधावीत. फळी पुन्हा जवळजवळ पहिल्याइतकी उचलावी लागेल. चारही उंचींचा तक्ता विद्यार्थ्यांकडून फळ्यावर लिहून घ्यावा आणि निष्कर्ष त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावा. ज्या मुलाच्या घरी ट्रॅक्टर आहे, तो ही गोष्ट संध्याकाळी वडिलांना सांगितल्याशिवाय राहणार नाही.

क्यून्योच्या गाडीला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. या काळात यंत्राची शक्ती वाढविण्याची विद्या आपण चांगली आत्मसात केली. आजच्या विजेच्या रेल्वेएंजिनांत तर ब्रेक लावताना मोटारीच जनित्राचे काम करतात आणि उतारावर खर्ची पडणारी ऊर्जा विजेच्या रूपाने परत तारेत जाते. थांबविण्याची विद्या इतकी पुढे गेलेली असताना आपल्या गावच्या ट्रॉलीला साधा ब्रेकही नसावा, हे योग्य नव्हे. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने आपल्या ट्रॉलीच्या चाकांकडे वाकून पाहावे, ती अडविण्यास तेथे काही साधन आहे काय, हे तपासावे आणि नसल्यास पहिली खेप भरण्यापूर्वी ते बसवून घ्यावे.